पुरातल्या अफवांना लगाम सरकारने घालावा का?

पंचगंगाकाठ (धागाकर्ती)

राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ ला धोका, हे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही पाठ आहे. त्याच सुमाराला आमच्या पेठेतल्या ग्रुपवर एक ऑडिओ फिरायला लागतो. बोलणारा कोण, कुठला, क्लिप कधीची, कशाचाच पत्ता नसतो. 'राधानगरी धरणाचं सगळं पाणी सोडलंय, दोन तासांत गंगावेशीत येतंय, पुढं पाठवा.' २०१९ ला पातळी ५५ फुटांच्या पुढं गेलेली सगळ्यांनी बघितलीय, त्यामुळं ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येतोच. मागच्या एका पावसाळ्यात अशाच क्लिपवर विसंबून शेजारच्या आजींना रात्री खुर्चीत बसवून दोन मजले खाली उतरवलं, गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं असताना. पाणी आलंच नाही. आता त्या घरचे म्हणतात, पुन्हा कोण सांगायला आलं तरी हलायचं नाही. मला धास्ती त्याची आहे. खरा पूर येईल तेव्हा ही माणसं घरात अडकतील.

म्हणून हा धागा. सोशल मीडियावरच्या खोट्या मजकुरावर सरकारने नियंत्रण आणावं का? माझं मत आधीच सांगते. खरं कोणतं आणि खोटं कोणतं हे ठरवायचा शिक्का सरकारच्या हातात देऊ नये. पण कंपन्यांना मोकाट सोडायलाही माझा विरोध आहे. त्यांनी किती वेळात, कोणत्या भाषेत, कुणाला उत्तर द्यायचं याचं बंधन कायद्याने घालावं. आणि सरकारने स्वतः वेळेवर बोलावं, कारण अधिकृत माहिती उशिरा आली की ती जागा अफवा घेते.

उद्यमनगर_फौंड्री

ताई, तुमचं निम्मं पटलं. पण 'शिक्का सरकारकडे नको' म्हणजे मग कुणाकडे? कंपनीचं ऑफिस अमेरिकेत. तिला कोल्हापूर नकाशावर दाखवायला लागेल. पोलीस, जिल्हाधिकारी, तहसीलदार ही माणसं निदान इथली आहेत, त्यांना आपण जाब विचारू शकतो. माझ्याकडं बिहार-यूपीची पोरं कामाला आहेत. 'मुलं पळवणारी परप्रांतीय टोळी' असा मेसेज आला की ती आठ-आठ दिवस संध्याकाळी खोलीबाहेर पडत नाहीत. त्यांना मी काय सांगू, अभिव्यक्ती स्वातंत्र्य? कडक कायदा करा, दोन-चार जणांना आत टाका, बाकीचे आपोआप सरळ होतील.

शाहूपुरी_वकील

फौंड्रीवाले दादा, तो प्रयोग करून झालाय. माहिती तंत्रज्ञान कायद्यात ६६अ कलम होतं. 'त्रासदायक', 'गैरसोयीचा' मजकूर टाकला तरी तीन वर्षांपर्यंत कैद. त्यात आत कोण गेलं? नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुली. एकीने मुंबई बंदबद्दल फेसबुकवर प्रश्न विचारला होता, दुसरीने तो लाइक केला होता. दंगल पेटवणारे निवांत होते. शेवटी २४ मार्च २०१५ ला श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केलं, कारण त्यातले शब्द इतके सैल होते की कुणालाही त्यात बसवता येत होतं.

आता सीमेपलीकडे बघा. कागल ओलांडून निपाणीत गेलं की कर्नाटक लागतं. तिथं २०२५ मध्ये खोट्या बातम्यांविरुद्ध एका विधेयकाचा मसुदा पुढं आला, त्यात सात वर्षांपर्यंत कैद आणि मंत्र्याच्या अध्यक्षतेखालचं प्राधिकरण. मंत्रीच खरं-खोटं ठरवणार असतील तर विरोधी पक्षाचं प्रत्येक पत्रक खोटंच निघेल. आज या पक्षाचा मंत्री आहे, उद्या त्या पक्षाचा असेल, एवढा विचार केला तरी पुरे.

तालीमकरी

वकील सायेब, कायदं लई झाली. पुरात आमची तालमीची पोरं होड्या घिऊन फिरत्यात. येक फोन येतोय अमुक गल्लीत माणसं अडकल्यात म्हणून. आमी जातोय तर तिथं कोरडं ठाक. तवर दुसरीकडं खरंच कोणतर छपरावर बसल्यालं असतंय. ह्याला काय म्हणायचं? ज्यानं तो मेसेज सोडला त्येला कायतर झालं पायजे का नको?

पाटबंधारे_निवृत्त

तालीमकरी, तुझ्या पोरांना सलाम. आधी पाण्याचं गणित सांगतो, मग कायद्याकडं वळू.

राधानगरीचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. धरणात पाणी ठरलेल्या उंचीला पोचलं की दाबाने दरवाजा आपोआप उघडतो, पाणी उतरलं की मिटतो. तिथं रात्रीत कुणी साहेब बटण दाबत नाही. त्यामुळे 'गुपचूप दरवाजे उघडले' असा मेसेज आला की तो लिहिणाऱ्याने धरण पाहिलेलंच नाही असं खुशाल समजा. एक दरवाजा उघडला की १४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट पाणी. सातही उघडले तर साधारण १० हजार. हे पाणी भोगावतीतून येतं. पण पंचगंगा एकट्या भोगावतीची नाही. तुळशी, कुंभी, कासारी यांचं पाणीही प्रयाग चिखलीच्या संगमापर्यंत एकत्र येतं, आणि धरणांच्या खाली जो मोकळा पाऊस कोसळतो तो कुठल्याच दरवाज्याने अडत नाही. शहरात पाणी किती चढणार हे या सगळ्या बेरजेवर ठरतं. शिवाय राधानगरीचं पाणी दोन तासांत गंगावेशीत पोचत नाही, त्याला त्याहून बराच वेळ लागतो.

मुद्दा असा की 'सात दरवाजे उघडले' हा मेसेज पुष्कळदा शब्दशः खरा असतो. त्यापुढचं 'आता शहर बुडणार' हे खोटं असतं. फोटो खरा, पण दोन वर्षांपूर्वीचा. आकडा खरा, पण कालचा. यातलं नेमकं काय काढून टाकायचं, हे मुंबई-दिल्लीत बसलेल्या माणसाला कळणार नाही. नोकरीत असताना मला एकच अनुभव पुन्हा पुन्हा आला. तासातासाला पातळी जाहीर होत गेली की लोक शांत राहायचे. कुठं एक बुलेटिन चुकलं की फोन सुरू.

पंचगंगाकाठ

काका, तुमच्या प्रतिसादावरून कर्नाटकातलं कृष्णेवरचं अलमट्टी धरण आठवलं. शिरोळ-नृसिंहवाडीकडचा कुणीही सांगेल की अलमट्टीच्या फुगवट्याने पूर वाढतो. २०१९ नंतर राज्याने नेमलेल्या वडनेरे समितीने मात्र पुराला अलमट्टी कारण नाही असा निष्कर्ष काढला. आणि आता अलमट्टीची उंची ५१९ वरून ५२४ मीटर करायचं कर्नाटकाने मनावर घेतलं, तेव्हा पुराच्याच भीतीने आपलं राज्य सरकार विरोधात उभं आहे.

आता समजा, २०२० साली सरकारकडे खोटा मजकूर काढायचा अधिकार असता. 'अलमट्टीमुळे पूर येतो' असं लिहिणाऱ्या शिरोळच्या शेतकऱ्याची पोस्ट समितीच्या अहवालाचा दाखला देऊन काढता आली असती. आणि २०२५ मध्ये सरकार स्वतः तेच बोलतंय. समिती बरोबर की शेतकरी, यात मी पडत नाही, तो अभ्यासकांचा विषय आहे. पण हा वाद चालू राहिला म्हणूनच आज उंचीला विरोध करायला माणसं तयार आहेत. चालू वादावर 'खोटं' असा शिक्का मारला की अभ्यासही थांबतो.

उद्यमनगर_फौंड्री

अलमट्टीचं पटलं. पण दंगलीचं काय? ७ जून २०२३ विसरलात? काही जणांच्या मोबाइल स्टेटसवरून बंद पुकारला, शिवाजी चौकात हजारो माणसं जमली, दगडफेक, लाठीमार, आणि जिल्ह्याचं इंटरनेट बंद. तेव्हा कुठला अभ्यास चालू होता?

शाहूपुरी_वकील

दादा, तुम्हीच दोन वेगळ्या गोष्टी एका पोत्यात घालताय. ते स्टेटस खोटी माहिती म्हणून गाजलं नव्हतं, भावना भडकल्या म्हणून गाजलं होतं. तेढ वाढवणाऱ्या मजकुराला फौजदारी कायद्यात आधीपासून वेगळी कलमं आहेत. खोट्या माहितीचा कायदा करताना त्यात 'भावना दुखावणं' घुसवलं की ६६अ मागच्या दाराने परत आलं समजा.

आणि इंटरनेट बंदीबद्दल जानेवारी २०२० मध्ये अनुराधा भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावलंय की बंदी बेमुदत नको, गरजेपुरतीच हवी, आणि तिचा आदेश लोकांपुढे ठेवला पाहिजे, म्हणजे त्याला आव्हान देता येईल.

उद्यमनगर_फौंड्री

बंदीचा अनुभव मला आहे, त्यात मी तिची बाजू घेणार नाही. मालवाहतुकीचं ऑनलाइन ई-वे बिल निघेना म्हणून माल भरलेली गाडी गेटवर उभी. पोरांचे पैसे ऑनलाइन पाठवायचे, ते अडकले. आणि सगळ्यात वाईट म्हणजे शहरात नक्की काय चाललंय हे कळायचा मार्गच नव्हता. तोंडातोंडी जे यायचं ते व्हॉट्सॲपपेक्षा भयंकर. गावाकडून पोरांच्या आया मला फोन करून रडत होत्या. नेट बंद करणं हा उपाय नव्हे, हे लिहून देतो.

भुदरगडची_शिक्षिका

मुलं पळवणाऱ्या टोळीचा विषय निघाला म्हणून लिहिते. आमच्या गावात भंगार गोळा करायला दोन बायका आल्या होत्या. आदल्या रात्री ग्रुपवर कुठल्यातरी दुसऱ्या राज्यातला व्हिडिओ आला होता, 'या बायका आपल्या भागात शिरल्या आहेत' म्हणून. शाळा सुटायची वेळ, शंभरेक माणूस जमला. आमच्या पोलीस पाटील बाई धावत आल्या आणि त्या दोघींना शाळेच्या वर्गात घेऊन आल्या. कुणीतरी म्हणालं ग्रामपंचायतीत बसवू. त्या म्हणाल्या, अजिबात नाही. कारण त्यांना राईनपाडा ठाऊक होतं. १ जुलै २०१८, धुळे जिल्हा, साक्री तालुका. मंगळवेढ्याकडचे पाच नाथपंथी डवरी गोसावी, भिक्षुकीवर जगणारे. अफवेवरून जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारलं.

वर्गाला मी आतून कडी लावली. पोलीस पाटील बाई दारात उभ्या राहून एकेकाला नावाने हाक मारून बोलत राहिल्या. 'अरे अमक्या, तुझी आई पण उसाला जाते ना परमुलखात? तिला असं कुणी धरलं तर?' गाडी येईपर्यंत जमाव पांगला होता.

नंतर तो व्हिडिओ मी ॲपमध्ये रिपोर्ट केला. पुढं त्याचं काय झालं हे मला आजतागायत कुणी कळवलेलं नाही. मराठीत बोलून सांगावं असं माणूस तिथं नाही. त्यामुळे धागाकर्तीच्या 'कोणत्या भाषेत उत्तर' या मुद्द्याला माझा पूर्ण पाठिंबा. मराठीतली शिवी, मराठीतली धमकी, मराठीतली अफवा ओळखायला मराठी जाणणारी माणसं नेमा, एवढी सक्ती तरी सरकारने करावी. त्यात कुणाचं स्वातंत्र्य जात नाही.

तालीमकरी

बाई, त्या पाटीलबाईस्नी आमचा मुजरा सांगा.

शाहूपुरी_वकील

शिक्षिका ताई, २०२१ च्या आयटी नियमांनुसार ५० लाखांवर वापरकर्ते असलेल्या कंपनीने भारतात राहणारा तक्रार अधिकारी नेमायचा असतो. तक्रारीची पोच २४ तासांत, निकाल आधी १५ दिवसांत होता, फेब्रुवारी २०२६ च्या दुरुस्तीपासून ७ दिवसांत.

पंचगंगाकाठ

सात दिवसांतही पूर ओसरून पंचनामे सुरू होतात हो! आपत्तीच्या काळात ही मुदत तासांवर यायला हवी. मी नियंत्रण म्हणते ते हे. मजकूर कोणता काढायचा ते सरकारने सांगू नये, पण तक्रार ऐकायला किती वेळ लागला, मराठी तक्रारी किती आल्या, किती निकाली काढल्या, हे कंपनीने जाहीर केलंच पाहिजे. नाही केलं तर भरभक्कम दंड.

इतिहासवेडा_कोल्हापूर

अगदी याच वादाचा एक जुना खटला कोल्हापूरचाच आहे. १८८१ ला 'केसरी' आणि 'मराठा' सुरू झाले. तेव्हा आपले तरुण छत्रपती चौथे शिवाजी महाराज यांना वेडे ठरवून त्यांचा छळ चाललाय अशी बोंब होती. दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर रोख होता. टिळक-आगरकरांनी बर्व्यांना गुंतवणारी काही पत्रं हाती आली तशी छापली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. पत्रं बनावट निघाली. दोघांनी माफी मागितली तरी १८८२ मध्ये चार महिन्यांची शिक्षा झाली, आणि त्यातले १०१ दिवस त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात काढले.

म्हणजे आजच्या भाषेत 'केसरी'ने खोटी माहिती पसरवली. पण महाराजांच्या हालांबद्दलची काळजी खोटी होती का? डिसेंबर १८८३ मध्ये अहमदनगरच्या किल्ल्यात, इंग्रजांच्या देखरेखीखाली असताना महाराजांचा मृत्यू झाला. पत्रं खोटी, पण दुखणं खरं. बर्व्यांच्या हातात मजकूर काढून टाकायचा अधिकार असता तर खोट्या पत्रांबरोबर महाराजांच्या हालांची चर्चाही त्याच दिवशी संपली असती. ते प्रकरण कोर्टात गेलं, दोन्ही बाजू मांडल्या गेल्या, शिक्षा झाली तीही उघड. माझ्या मते हाच रस्ता बरोबर. ज्याच्यावर आरोप आहे त्यानेच निवाडा करायचा नाही.

उद्यमनगर_फौंड्री

इतिहासवाले, दाखला जबरदस्त. पण तुम्ही एक सोडलंत. टिळक-आगरकरांचं नाव अंकावर छापलेलं होतं. ते पळून गेले नाहीत, माफी मागितली, तुरुंगात गेले. आमच्या ऑडिओवाल्याचं नाव काय? पत्ता काय? नाव लपवून घबराट पसरवणारा आणि नावानिशी लिहिणारा संपादक यांना एका तागडीत तोलू नका.

शाहूपुरी_वकील

हा खरा अवघड प्रश्न. २०२१ च्या नियमांतच तरतूद आहे की मेसेजिंग कंपनीने गंभीर गुन्ह्यात मेसेजचा पहिला पाठवणारा शोधून द्यावा. व्हॉट्सॲपने त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. त्यांचं म्हणणं, एकाला शोधता यावं म्हणून सगळ्यांच्याच मेसेजवर खूण ठेवावी लागेल, मग कूटबद्धतेला, म्हणजे मेसेज फक्त पाठवणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाच वाचता येण्याला, अर्थ उरत नाही. मला त्यात तथ्य वाटतं. वकील म्हणून अशिलाशी बोलतो तेही त्यात आलं, डॉक्टर-रुग्णाचं आलं, पत्रकाराला माहिती देणाऱ्याचं आलं.

मजकूर न वाचताही वेग कमी करता येतो. २०१८ च्या घटनांनंतर व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये, जे मेसेज आधीच खूप फिरलेत ते एका वेळी एकाच ठिकाणी. त्यानंतर असे मेसेज ७० टक्क्यांनी घटले असं कंपनीनेच सांगितलं. यात खरं-खोटं कुणीच ठरवलं नाही, प्रवाह फक्त हळू केला.

तालीमकरी

पण पोरं ती क्लिप डाउनलोड करून परत नव्यानं टाकत्यात. मग ती फॉरवर्ड म्हून दिसतच न्हाई.

शाहूपुरी_वकील

बरोबर, ती पळवाट आहेच.

फॅक्ट चेक युनिटचंही इथं सांगून टाकतो, कारण धाग्याचा मूळ प्रश्न न्यायालयापुढे प्रत्यक्ष आला होता. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने नियम बदलले. केंद्र सरकारच्या कामकाजाबद्दलचा कोणता मजकूर खोटा, बनावट किंवा दिशाभूल करणारा आहे हे सरकारचंच युनिट ठरवणार, आणि त्यावर कारवाई न करणाऱ्या कंपनीला वापरकर्त्यांच्या मजकुराबद्दल असलेलं कायदेशीर संरक्षण जाऊ शकणार. विनोदवीर कुणाल कामरा आणि इतर मुंबई उच्च न्यायालयात गेले. जानेवारी २०२४ मध्ये न्या. गौतम पटेल आणि न्या. नीला गोखले यांचं मत फुटलं. मार्चमध्ये सरकारने युनिट अधिसूचित केलं, दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. सप्टेंबर २०२४ मध्ये तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी नियमाविरुद्ध मत दिलं आणि तो रद्द झाला. सरकारने आपली बाजू मांडावी, खुलासा करावा, रोज दहा वेळा करावा. पण आपल्याविरुद्धच्या मजकुराचा न्यायाधीश आपणच, हे चालणार नाही.

युरोपियन युनियनचा डिजिटल सेवा कायदा फेब्रुवारी २०२४ पासून पूर्ण लागू आहे. तो एकेका पोस्टचा निवाडा सरकारकडे देत नाही. ४.५ कोटींहून जास्त वापरकर्ते असलेल्या कंपन्यांनी आपल्या यंत्रणेमुळे समाजाला काय धोका होतो ते तपासायचं, उपाय करायचे, बाहेरच्या तपासनीसाकडून तपासून घ्यायचं. नाही केलं तर जगभरच्या वार्षिक उलाढालीच्या ६ टक्क्यांपर्यंत दंड. ताईंच्या मनातलं बरंचसं यात आहे.

हातकणंगले_पोल्ट्री

मी वाचत होतो, आता लिहितो. फेब्रुवारी-मार्च २०२० मध्ये 'चिकन खाल्ल्याने कोरोना होतो' असा मेसेज सुटला. ज्या जिल्ह्यात पै-पाहुणा आला की तांबडा-पांढरा केल्याशिवाय जेवण होत नाही, तिथं मटणाच्या दुकानात रांग आणि चिकनचं दुकान ओस. पक्षी तयार झाला की थांबत नाही, रोज खाद्य खातो. दर इतका पडला की खाद्याचा खर्चही निघेना. लोकांनी पिलं फुकट वाटली, काहींनी पुरली. मी शेड रिकामं केलं आणि बँकेचा हप्ता मात्र चालूच.

पशुसंवर्धन खात्याने सांगितलं की चिकन सुरक्षित आहे. पण ते पत्रक आमच्यापर्यंत आलं तोवर गिऱ्हाईक तुटलं होतं. मेसेज वस्तीवस्तीत पोचला, खुलासा पेपरात राहिला. माझी मागणी साधी आहे. ज्या-ज्या ग्रुपवर, ज्या-ज्या माणसाला खोटं पोचलं, त्याच माणसाला दुरुस्ती पोचली पाहिजे. ते कंपनीलाच जमेल. सिंगापूरमध्ये मूळ पोस्टलाच सरकारी खुलासा जोडायला लावतात असं ऐकलंय.

शाहूपुरी_वकील

हो, २०१९ चा कायदा आहे त्यांचा. पण तिथं आदेश मंत्री काढतो, आधी न्यायालय नाही. कल्पना घ्यावी, अधिकार दुसऱ्याच्या हातात द्यावा.

पाटबंधारे_निवृत्त

पोल्ट्रीवाल्यांनी नेमकं बोट ठेवलं. खुलासा अफवेच्याच वाटेने गेला पाहिजे. पुरात पीडीएफ कोण उघडतं? आधी तारीख, वेळ, पातळी, आणि मग 'पुढची माहिती एका तासाने' असं सांगणारी अर्ध्या मिनिटाची मराठी ऑडिओ क्लिप, ओळखीच्या आवाजात. पाणी वाढलं नाही तरी 'वाढलं नाही' हेही सांगायचं. याला ना नवा कायदा लागतो ना मोठा खर्च.

पंचगंगाकाठ

वकीलसाहेब, आपण सगळ्यांच्या सहीने एक निवेदन जिल्हाधिकाऱ्यांना आणि आपल्या लोकप्रतिनिधींना देऊ. त्यात तासातासाची ऑडिओ माहिती, आपत्तीत तक्रारीची मुदत तासांवर, मराठी जाणणारी माणसं, दुरुस्ती त्याच वाटेने, आणि मजकूर खोटा ठरवायचा अधिकार कुठल्याही मंत्र्याला नको, हे सगळं घालते. एक शंका. तालीमकरी विचारतात ते बरोबर आहे, जाणूनबुजून घबराट पसरवणाऱ्यावर आत्ताच्या कायद्यात काही होतं का?

शाहूपुरी_वकील

होतं. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५, कलम ५४. आपत्तीबद्दल किंवा तिच्या तीव्रतेबद्दल घबराट उडवणारा खोटा इशारा दिला किंवा पसरवला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड. मात्र तो खोटा आहे हे सांगणाऱ्याला माहीत असलं पाहिजे, अशी अट कलमात लिहिलेली नाही. म्हणजे घाबरून पुढं पाठवणाऱ्या आजोबांनाही यात गोवलं जाऊ शकतं, म्हणून ते जपून वापरायला हवं. पण याच कायद्याच्या कलम ६० मुळे न्यायालय थेट दखल घेत नाही. जिल्हा प्राधिकरणासारख्या यंत्रणेने तक्रार करावी लागते, किंवा तुम्ही स्वतः ३० दिवसांची नोटीस देऊन मग जायचं. त्यामुळे प्रशासनाने मनावर घेतलं तरच कलमाला दात. निवेदनात हेही घाला: प्रत्येक पुरानंतर कलम ५४ खाली किती तक्रारी केल्या ते जाहीर करा.

उद्यमनगर_फौंड्री

माझी सही धरा. पहिला पाठवणारा शोधण्याबद्दल माझं मत वेगळं आहे, ते कंसात लिहा. फौंड्रीतल्या पोरांसाठी क्लिप हिंदीतही हवी, तेवढं जोडा.

हातकणंगले_पोल्ट्री

माझ्यासारख्याला भरपाई कुठल्या कलमाखाली?

शाहूपुरी_वकील

आज तरी कुठल्याच नाही. मेसेज कुणी सुरू केला हे सिद्ध झालं तर दिवाणी दावा लावता येईल, पण तो सापडत नाही हीच तर अडचण. कंपन्यांच्या दंडातून अफवेने बुडालेल्यांसाठी निधी उभा करावा, अशी मागणी करता येईल. ताई, तो मुद्दा पोल्ट्रीवाल्यांच्या शब्दांत घाला, माझ्या नको.